मृणालिनीबाईंची फुंकर

घागर फुंकण्यात मृणालिनी दांडेकरांचा हात धरील अशी बाई मुलुंड पूर्वेला नव्हती. हात आपला म्हणायचा. मामला सगळा तोंडाचा. आश्विनातल्या अष्टमीला तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून महालक्ष्मी उभी करतात आणि दिवेलागणीनंतर तिच्यापुढे बायका तांब्याच्या रिकाम्या घागरी धुपावर उदवून, काठाशी ओठ नेऊन फुंकतात. कोकणस्थांची ही जुनी चाल. नवशिकीने फुंकली तर फुस्स होतं, बऱ्यापैकी बाईने फुंकली तर हूं होतं, आणि मृणालिनीबाईंनी फुंकली की काय होतं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, फेकतो आहे. एका वर्षी त्यांनी घागर अशी घुमवली की खालच्या मजल्यावर जरा लवंडलेले धाकू परब गिरणीचा भोंगा झाला म्हणून ताडकन उठले आणि डबा हातात घेऊन थेट फाटकापर्यंत गेले. गिरणी बंद पडून तोवर एक पिढी उलटली होती. वॉचमनने अडवलं नसतं तर परब परळला पोचून हजेरी लावून आले असते.

म्हणून मुलुंडच्या महिला मंडळात पहिली घागर मृणालिनीबाईंची. पहिली म्हणजे त्यांनी घुमवल्याशिवाय दुसरीने घागरीला तोंड लावायचं नाही. नगरसेवक होणं त्या मानाने सोपं, तिकीट मिळालं की निम्मं काम झालं. पहिली घागर मिळायला आधी कित्येक वर्षं तिसऱ्या रांगेत चक्कर येऊन पडावं लागतं. मृणालिनीबाई रीतसर पडल्या होत्या. सासूबाईंच्या पश्चात हा मान त्यांच्याकडे आला आणि राहिला. दुसरी घागर पद्मजा केतकरांची. दुसऱ्या घागरीचं सगळं आयुष्य पहिलीकडे बघण्यात जातं. पद्मजाताई इतकी वर्षं मृणालिनीबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या; इतकं बघितलं की काहीतरी दिसणारच.

ते गेल्या अष्टमीला दिसलं. मंडळाने व्हिडिओवाला बोलावला होता आणि त्याच्याकडे नवा कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याला देवीचा मुखवटा, आरास, फुलं यांत काडीचा रस नव्हता. तो जो पुढच्या रांगेतल्या बायकांच्या ओठांना जाऊन चिकटला तो सुटेचना. मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला तेव्हा मृणालिनीबाईंनी आधी नुसता आवाज ऐकला आणि त्या प्रसन्न झाल्या. मग चष्मा लावला.

वरच्या ओठावर उभ्या रेषाच रेषा. बटव्याची दोरी ओढल्यावर तोंडाशी जशा चुण्या पडतात, तशा. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन पायवाटा खाली हनुवटीकडे निघालेल्या. वर्षानुवर्षं घागर फुंकून फुंकून देवीने हा प्रसाद दिला होता आणि तो फुकट तर फुकट, सगळ्या ग्रुपला दाखवून दिला होता. खाली पद्मजाताईंचा निरोप होता: ‘मृणालिनी, घागर झकास गं! पण आता तोंडावर वय दिसायला लागलं हं. काळजी घे.’

मृणालिनीबाईंनी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले. मुलुंडमध्ये याचा अर्थ युद्ध असा होतो.

यंदा तर प्रकरण आणखी वाढलं. मृणालिनीबाईंची सून गार्गी लग्नानंतरची पहिली महालक्ष्मी पुजणार होती. तिच्या माहेरची माणसं डोंबिवलीहून येणार होती. आणि मंडळाने ठराव केला की हॉलमध्ये मागच्या लोकांना दिसत नाही, तेव्हा पुढे मोठा पडदा लावून घागरी त्यावर दाखवायच्या. मृणालिनीबाईंनी मनातल्या मनात माप घेतलं. आपला वरचा ओठ दारावरच्या तोरणाएवढा दिसणार होता.

“अहो, मी तोंड करून घेणार आहे,” त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

नंदकिशोर दांडेकर जलखात्यातून निवृत्त झालेले. तिथे सगळं आयुष्य व्हॉल्व्ह आणि गळती यांत गेल्यामुळे त्यांना जगात तिसरी अडचण माहीत नव्हती. “तोंडाला काय झालंय? चालू तर आहे चोवीस तास,” ते म्हणाले.

गार्गीने मात्र ऑफिसजवळचा, अंधेरीचा दवाखाना शोधून दिला. दवाखाना कसला, आत शिरताच थंडीने सुरकुत्या आपोआप आखडाव्यात असं ते प्रकरण होतं. चपला काढायच्या नाहीत, उलट चपलांना टोप्या घालायच्या. काउंटरवरची प्रियंका नावाची मुलगी इतकी गुळगुळीत होती की तिच्यावरून नजर घसरत होती.

डॉक्टर शर्मिष्ठा राजे यांनी विचारलं, “बोला, कशाचा त्रास होतो?”

“व्हिडिओचा,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी भिंग लावून रेषा पाहिल्या. “खूप वर्षांच्या आहेत. सिगरेट ओढता?”

सोबत आलेल्या नंदकिशोरांना ठसका लागला. मृणालिनीबाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी तो प्रश्न परत घेतला.

“ऑपरेशन वगैरे काही नाही. इथे-इथे बारीक सुया. ओठांभोवतीचा स्नायू जरा सैल पडतो आणि रेषा निघून जातात. या कोपऱ्यांत मात्र थोडं भरू.”

“पुरणासारखं?”

“तसंच समजा. फक्त आधी काही विचारते हं, कारण थोडे दिवस ओठांची पकड कमी होते. स्ट्रॉने पिण्याची सवय?”

“मी शहाळंसुद्धा भांड्यात ओतून पिते.”

“शिट्टी वाजवता?”

“डॉक्टर, मी दांडेकरांची सून आहे.”

“एखादं वाद्य? बासरी, माउथ ऑर्गन?”

“पेटीच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. दुसरीत थोडक्यात गेले.”

“पेटी चालेल,” असं म्हणून डॉक्टरांनी सुई उचलली.

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी तेव्हाच घागरीचं का नाही सांगितलं? अहो, घागर हे वाद्य आहे असं त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. घागर ही देवीची सेवा. पोळी लाटताना ‘तुम्ही व्यायाम करता का’ असं कोणी विचारलं तर कुठली बाई हो म्हणेल? नंदकिशोरांनी तेवढं विचारलं, “दुरुस्तीनंतर पुरवठा सुरळीत व्हायला किती दिवस?” पण डॉक्टरांना वाटलं, हे गृहस्थ विनोद करताहेत. त्या हसल्या आणि प्रश्न वाहून गेला.

पुढचे काही दिवस मृणालिनीबाई नुसत्या तरंगत होत्या. रोज सकाळी एक रेष कमी. त्या आरशापुढे जात, ‘ही गेली, ही चालली,’ असं मोजत आणि गार्गीला हाका मारून मारून दाखवत. भाजीवाल्याने ‘ताई’ म्हटलं म्हणून त्यांनी नको असलेला दुधी घेतला. जिन्यात परबांनी हटकलं, “वैनी, गावाक जावन इलास काय? त्वांड कसां एकदम नवां दिसतां!” त्यावर त्या अशा लाजल्या की परबच गोंधळून अर्धा मजला जास्त चढून गेले. घरात दिवाळी आधीच आली होती. त्यांनी पडद्याचा विचार करून नव्या साडीवर नवा ब्लाउज टाकला, आणि ओठ केवढे दिसणार या हिशोबाने नथ लहान निवडली.

मग एका सकाळी चहा गरम होता म्हणून त्यांनी बशीत ओतून फुंकर मारली. चहा जागचा हलला नाही.

त्यांनी पुन्हा मारली. वारा ओठांतून बाहेर पडला खरा, पण पुढे न जाता दोन्ही बाजूंनी गालांवरून कानांकडे गेला. कानातल्या कुड्या गार लागल्या. चूळ भरायला गेल्या तर पाणी सुटलं ते बेसिन सोडून आरशावर. “पद्मजा” हे नाव तर तोंडातून पूर्ण बाहेरच पडेना, सुरुवातीलाच हवा निघून जाई. एरवी त्यांनी हा फायदा मानला असता. पण अष्टमी तोंडावर आली होती. त्यांनी दार लावलं, देव्हाऱ्याखालची घागर काढली, देवीचं नाव घेतलं आणि फुंकली.

फुस्स.

पंक्चरवाल्याच्या बादलीत बुडवलेल्या ट्यूबसारखं, बारीक, निर्लज्ज, फुस्स.

त्यांनी अंधेरीला फोन लावला. प्रियंकाने उचलला. “मॅम, काय प्रॉब्लेम आहे? सूज?”

“नाही.”

“लाल झालंय?”

“नाही.”

“रेषा गेल्या नाहीत?”

“गेल्या! सगळ्या गेल्या! तीच तर तक्रार आहे. मला त्या परत हव्यात!”

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. “मॅम, असा ऑप्शन येत नाहीये. म्हणजे मी ‘अत्यंत समाधानी’ टाकू ना?”

शेवटी डॉक्टर फोनवर आल्या. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की भरलेलं विरघळवता येतं, पण सैल पडलेला स्नायू त्याचा तोच जागा व्हायला हवा. दोन-तीन महिने लागतील.

“अष्टमी पुढच्या आठवड्यात आहे!”

“कोण अष्टमी?” डॉक्टरांनी विचारलं.

आता मृणालिनीबाईंपुढे एकच प्रश्न होता. पहिली घागर त्यांनी फुंकली नाही तर ती पद्मजाताई फुंकणार, आणि एकदा हातची गेलेली पहिली घागर परत आल्याचं मुलुंडच्या इतिहासात नाही. शिवाय का फुंकली नाही हे सांगायचं म्हणजे तोंड करून घेतल्याचं सांगायचं, तेही सुनेच्या माहेरच्यांसमोर. जीव गेला तरी बेहत्तर. तोंडाला काहीतरी ‘वारा लागला’ एवढंच त्यांनी शेजारी कळू दिलं. आणि मुलुंडमध्ये एवढं कळलं की पुरे होतं.

सल्ले सुरू झाले. एकीने सांगितलं, फुगे फुगव. त्यांनी फुगा तोंडाला लावला तर फुग्यातली हवा तोंडात आली. एकीने च्युइंगगम दिलं. एकीने पिंपळाच्या पानांचा धूर सांगितला, त्यात सोसायटीची आगीची घंटा वाजली. परब तर स्वतः नारळ घेऊन आले. “वैनी, ह्यां वाऱ्याचांच काम. मी देवाक गाऱ्हाणां घालतंय, तुमी फकस्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणा.” आणि दारातच उभे राहून सुरू झाले, “बा देवा म्हाराजा, आमच्या वैनीच्या तोंडार जो काय वारा लागलो आसात, तो ज्येचो आसात तेका परत जावंदे!” मृणालिनीबाईंनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणण्याचा प्रयत्न केला, तोही सगळा कानांकडे गेला.

मग त्यांना एक सन्मान्य वाट सुचली. सुतक. सुतक आलं तर घागर फुंकता येत नाही, मान जात नाही आणि कोणी कारणही विचारत नाही. वाईट विचार होता हे त्यांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी तो मनात न आणता नुसता फोन केला. दहिसरला नंदकिशोरांचे अप्पाकाका होते. नव्वदी ओलांडलेले, गेल्या पावसाळ्यापासून तब्येत तोळामासा.

“अप्पाकाका, कसं आहे? बरं नसेल ना?”

“अगं उत्तम! नदीकाठच्या हास्यक्लबात जातो हल्ली. तुझ्या आवाजाला काय झालंय पण? तूच जप हो, मृणालिनी. असं अचानक काही होतं माणसाला. तुझं वयही काही कमी नाही.”

त्यांनी फोन ठेवला तेव्हा अप्पाकाका अजून हसत होते.

उरला सराव. घरात करावा तर गार्गीची आई पूजेच्या तयारीला येऊन-जाऊन. म्हणून त्यांनी गच्चीची किल्ली मागितली. सोसायटीचे सेक्रेटरी मुकुल वैद्य किल्ली अशी सांभाळत, जणू वर सोनं वाळत घातलंय.

“कारण?”

“सूर्यनमस्कार.”

“घागर घेऊन?”

“अर्घ्य द्यायचं असतं.”

“दुपारी तीन वाजता?”

“सूर्य आहे ना तेव्हा? मग?”

वैद्यांकडे या तर्कावर उपविधी नव्हता. किल्ली मिळाली. मृणालिनीबाई टाकीच्या सावलीत बसून फुंकत राहिल्या. फुस्स, फुस्स आणि फुस्स. टाकीवरची कबुतरंसुद्धा उडेनात. अखेर त्यांनी घागर खाली ठेवली आणि रडायला सुरुवात केली. तोंड बिचारं सरळच होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ मात्र फोटो काढून घेत असल्यासारखे शांत. त्यामुळे मागून आलेल्या नंदकिशोरांना त्या रडताहेत हे कळायला जरा वेळ लागला.

“मृणाल, काय झालं?”

“मान गेला माझा. सासूबाईंनी हातात दिलेली घागर मी सुईपायी घालवली.” त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच त्या इतक्या अपराध्यासारख्या बसल्या होत्या, आणि नंदकिशोरांना ते अजिबात आवडलं नाही. घरातला दाब एकदम कमी झाल्यासारखं त्यांना वाटलं.

“बघू इकडे. व्हॉल्व्ह कुठे अडकलाय ते तरी कळेल,” असं म्हणून त्यांनी घागर उचलली, आत डोकावले, काठाशी ओठ नेले आणि सहज फुंकले.

हूंऽऽऽऽऽ!

टाकीवरची एकूण एक कबुतरं उडाली. समोरच्या इमारतीतल्या तीन गाड्यांचे अलार्म सुरू झाले. खालून परबांचा आवाज आला, “भोंगो झालो काय रे?” नंदकिशोर स्वतःच दचकून घागरीकडे बघायला लागले. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढा मोठा आवाज काढला नव्हता. लग्नानंतर संधीच आली नव्हती.

मृणालिनीबाईंचे डोळे चमकले. डोळे त्यांचे होते तसेच होते, ते अजून चमकू शकत होते.

“अहो,” त्या म्हणाल्या, “महालक्ष्मीच्या मागे निळा पडदा असतो. त्याच्यामागे एक माणूस सहज मावतो.”

“माणूस कोण?”

“तुम्ही.”

“बायकांच्या कार्यक्रमात? पडद्यामागे? मृणाल, मला पेन्शन आहे गं!”

पण त्यांचा जीवही आतून वळवळत होता, खोटं कशाला बोला. पुढचे दिवस ते रोज गच्चीवर गेले. मृणालिनीबाई शिकवत होत्या: “छातीतून नाही, पोटातून. श्वास तोडायचा नाही. काठ ओठांना टेकवायचा नाही, नुसतं जवळ जाऊन त्याला विचारायचं.” नंदकिशोर दोन वेळा चक्कर येऊन टाकीला टेकले. “होतं असं. आम्हीसुद्धा पडलोय,” मृणालिनीबाईंनी समाधान केलं.

अष्टमीला हॉल खच्चून भरला होता. उदाचा धूर, गजऱ्यांचा वास, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत गार्गीच्या माहेरची माणसं, मागे प्रसादासाठी आलेले परब, आणि बाजूला तो मोठा पडदा. पुढच्या रांगेत घागरी घेऊन सगळ्या जुन्या जाणत्या बायका उभ्या होत्या. पद्मजाताई गेले पंधरा दिवस घसा बसल्याचं सांगून कोणाला भेटल्या नव्हत्या, पण आज घागर अगदी लखलखीत घासून आणली होती.

मृणालिनीबाई पुढे आल्या. पडद्यावर त्यांचं तोंड उमटलं, भिंतीएवढं आणि लोण्यासारखं. हॉलमधून “आई गं!” असा एक उद्गार गेला. मृणालिनीबाईंचं काळीज सुपाएवढं झालं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं! त्यांनी देवीला नमस्कार केला, घागर उदवली, अंगठीने घागरीवर टकटक केलं आणि काठाशी ओठ नेले.

हूंऽऽऽऽऽऽऽ!

निळ्या पडद्यामागे नंदकिशोर आज पेटले होते. असा आवाज मृणालिनीबाईंनी उभ्या जन्मात काढला नव्हता. छताचे पंखे थरथरले. देवीच्या गळ्यातला हार डुलायला लागला. गार्गीच्या आईने पदर खोचून हात जोडले. मृणालिनीबाईंना स्वतःलाच पटलं की आपणच फुंकतोय. त्या डोलायला लागल्या, गिरकी घ्यायला लागल्या, घागर उंच करून पुन्हा खाली आणायला लागल्या. सारा हॉल त्यांच्याबरोबर झुलत होता. ठरलं होतं त्याप्रमाणे त्यांनी शेवटी पुन्हा टकटक केलं, घागर तोंडापासून दूर केली आणि खाली चौरंगावर ठेवली.

हूंऽऽऽऽऽऽ!

घागर चौरंगावर, बाईंचे ओठ मिटलेले, पडद्यावर भिंतीएवढे मिटलेले दिसताहेत, आणि आवाज चालूच.

 मग कोणीतरी किंचाळली, “घागर आपोआप घुमतेय!” आणि बायका चौरंगाकडे धावल्या. कोणी घागरीला हळद-कुंकू वाहिलं, कोणी नातवाला आणून तिच्यापुढे घातलं. मागून परबांनी दोन्ही हात उंच केले, “गे बाय महालक्ष्मी! आमच्या बिल्डिंगचां रिडेव्हलपमेंट इतकी वर्सां अडकललां आसा, तां मार्गाक लाव गे बाय!” आणि अख्ख्या हॉलने, त्यात सेक्रेटरी वैद्यही आले, एका आवाजात उत्तर दिलं, “व्हय म्हाराजा!”

मृणालिनीबाई मधोमध उभ्या. क्षणभर त्यांना मोह झाला. पहिली घागर काय, साक्षात देवस्थान व्हायची वेळ आली होती. त्यांनी डोळे अर्धे मिटले सुद्धा. पण पडद्यामागे नंदकिशोरांचा प्राणवायू कुठल्या कुठे गेला होता. त्यांना ना टकटक ऐकू आली होती, ना आपण मुलुंडमध्ये आहोत याची शुद्ध होती. फुंकता फुंकता त्यांनी गिरकी घेतली, निळा पडदा अंगाभोवती गुंडाळला गेला, दोरी सुटली, आणि निळं लुगडं नेसलेले नंदकिशोर दांडेकर, डोळे मिटलेले, घागर तोंडाशी, डुलत डुलत देवीच्या उजव्या बाजूने सभेत प्रकट झाले.

आवाज थांबला. 

“अस्सं होय!” पद्मजाताई म्हणाल्या. त्यांनी सावकाश मृणालिनीबाईंसमोर येऊन त्यांच्या ओठांकडे जवळून पाहिलं. “म्हणजे तोंड करून आलीस. आणि फुंकायला नवरा ठेवलास. बाजूला हो गं. देवीपुढे घागर मध्येच थांबवत नाहीत. पहिली घागर आता माझी!”

गार्गीची आई बघत होती. मृणालिनीबाई बाजूला झाल्या. आयुष्यभराचा मान समोरून चालत चालला होता आणि त्यांना ओठसुद्धा चावता येत नव्हता.

पद्मजाताईंनी घागर उचलली, मान तिरकी केली, छाती भरून घेतली.

फुस्स.

त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. पुन्हा फुंकली. फुस्स. आता कॅमेरा त्यांच्या तोंडावर होता. पडद्यावर पद्मजाताईंचा वरचा ओठ दिसत होता, आणि त्यावर एक रेष असेल तर शपथ!

“तू कुठे गेली होतीस?” मृणालिनीबाईंनी हलकेच विचारलं.

“बोरिवलीला,” पद्मजाताई पुटपुटल्या. “व्हिडिओत मीही होते ना गं.”

तिसरीने गर्दीतून पुढे येऊन फुंकली. फुस्स. चौथीने न फुंकताच घागर खाली ठेवली आणि नजर फिरवली. पुढच्या रांगेतली एकूण एक जाणती बाई मुंबईच्या कुठल्या ना कुठल्या उपनगरात जाऊन तोंड गुळगुळीत करून आली होती. मागच्या रांगांत नव्या मुली होत्या, पण त्यांची मुळातच फुस्स. हसू मात्र कोणालाच आलं नाही. पुढच्या रांगेला तर इच्छा असती तरी जमलं नसतं.

“आता काय करायचं?” पद्मजाताई कासावीस झाल्या. “देवी उभी आहे, घागर नाही म्हणजे काय? नंदकिशोरभाऊ, थांबू नका हो! फुंका!”

नंदकिशोर खुर्चीत बसून पाणी पीत होते. अंगावर निळा पडदा तसाच होता. “मी नाही,” ते म्हणाले. “पहिली घागर हिची आहे. ही म्हणेल तर.”

सगळा हॉल मृणालिनीबाईंकडे बघायला लागला. एक शब्द, आणि मान चारचौघांत सुटणार. नाही म्हटलं तर मान राहणार, पण देवीपुढे घागर मुकी राहणार. मृणालिनीबाईंनी मुखवट्याकडे पाहिलं. उकडीचा चेहरा, एक सुरकुती नाही. मग त्यांनी स्वतःची घागर चौरंगावरून उचलली, हळद-कुंकू पदराने पुसलं आणि नवऱ्यासमोर धरली.

“उठा. पडदा सोडा आधी, पाय अडकेल. आणि पोटातून हं, छातीतून नाही.”

नंदकिशोर उठले. मृणालिनीबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून हाताने ताल धरत होत्या, डोळ्यांनी दटावत होत्या, श्वास कुठे घ्यायचा ते बोटाने दाखवत होत्या. घागर घुमली. हळूहळू पद्मजाताई डोलायला लागल्या, मग पुढची रांग, मग सून, मग विहीणबाई. सगळा हॉल त्या आवाजात बुडून गेला.

आणि मृणालिनीबाईंच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं आपण घागर फुंकली, पण ऐकली कधीच नव्हती. फुंकणाऱ्याला आतला वारा तेवढा कळतो. बाहेर काय होतं ते आज कळत होतं.  डोळे भरले. त्याच वेळी दुसरंही एक ध्यानात आलं, अगदी स्पष्ट, नाही म्हणायला जागाच नाही असं. नवरा आपल्यापेक्षा चांगला फुंकतो.

प्रसाद घेताना विहीणबाईंनी विचारलं, “काय सुरेख हो घुमवली भाऊंनी! तुम्हाला कशी वाटली?”

मृणालिनीबाईंनी नंदकिशोरांकडे पाहिलं. ते द्रोणातली खीर खात, कान टवकारून उत्तराची वाट बघत होते.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “श्वास जरा कमी पडतो.”